नानांची जोडी

बंदुकांचा पारखी दहाला यायचा होता आणि मोठे काका साडेआठलाच दुकानाच्या दारात उभे होते. एकोणीस वर्षं ज्या माणसानं ही पायरी चढली नव्हती, तो महिन्याभरात दुसऱ्यांदा आला होता. पहिल्या खेपेबद्दल फक्त छिन्नीला माहीत होतं, आणि ते आणखी कुणाला कळू नये या काळजीनं तिला दोन दिवस अन्न गोड लागत नव्हतं.

काकांच्या मागे मोठी काकू, तिच्या मागे त्यांचा वकील मुलगा आणि त्याच्या हातात लांबट पेटी. पेटीत एक नंबर. बाबा आत कोपऱ्यातल्या स्टुलावर केव्हाचे येऊन बसले होते, आणि त्यांच्या मांडीवर तेलकट फडक्यात गुंडाळलेली दोन नंबर. नानांनी, म्हणजे छिन्नीच्या आजोबांनी, उभ्या आयुष्यात दुसऱ्यांच्या बंदुका दुरुस्त केल्या. स्वतःच्या नावाच्या घडवल्या त्या या दोनच दुनळी बंदुका, एक नंबर आणि दोन नंबर. नाना गेल्यावर थोरला म्हणाला, जोडी एका घरात राहू दे. धाकटा म्हणाला, दोन नंबर मला हवी म्हणजे हवी. का हवी, ते काही तो सांगेना. शब्दानं शब्द वाढला आणि दोघा भावांनी एकेक बंदूक उचलून दोन दिशांना तोंडं केली. बंदुकीनं माणसं मरतात असं आपण ऐकतो, पण एकही गोळी न झाडता घर मोडणाऱ्या बंदुका याच.

“काय धाकट्या,” काका म्हणाले.

“काय दादा,” बाबा म्हणाले.

एकोणीस वर्षांनंतर एवढंच. पण एवढं तरी झालं म्हणून काकूनं हळूच डोळे पुसले. आज काही बिघडलं तर हे पुन्हा जुळायचं नाही, हे छिन्नीला स्वच्छ दिसत होतं.

छिन्नी हे काही तिचं खरं नाव नव्हे. आठव्या वर्षी नानांच्या मांडीवर बसून तिनं पोलादाच्या तुकड्यावर पहिली रेघ ओढली तेव्हापासून घरात तिला तेच नाव पडलं. आता तिनं चाळिशी ओलांडली होती. दुकान तीच चालवत होती, आणि बंदुकांवर नक्षी कोरणारी म्हणून चार जाणकारांत तिचं नाव होतं. बाबांनी हे काम कधीच केलं नाही. ते नळ्या सरळ करत, चाप बसवत, दस्ते घासत. पण कोरायची हत्यारं त्यांनी हातात घेतलेली तिनं कधी पाहिली नव्हती. नाना म्हणत, त्याला त्यात गोडी नाही.

महिन्यापूर्वी काका एकटेच आले होते, भरदुपारी, बाबा जेवायला घरी गेलेले बघून. त्यांनी पेटी उघडली आणि छिन्नी बघतच राहिली. चापाच्या वर दोन्ही अंगांना ज्या पोलादी पाट्या असतात, त्यांवर नानांनी गवतातून उडणारे पक्षी कोरले होते. ते पक्षी जवळजवळ नाहीसे झाले होते. कुठे एखादा पंख, कुठे नुसती चोच. झालं असं होतं की काकूचा सासऱ्यांवर जीव. दर रविवारी ती भांड्यांच्या पावडरीनं बंदूक घासून लख्ख करायची. हौसेनं, मायेनं, न चुकता. धाकट्या जावेच्या घरी बंदूक अंथरुणांच्या पेटीत पडली आहे, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. आणि तिकडे त्या पेटीत दोन नंबर अगदी जशीच्या तशी राहिली होती. प्रेम करणाऱ्यानं वाटोळं केलं आणि दुर्लक्ष करणाऱ्यानं राखलं, असला हा न्याय.

काका म्हणाले होते, एक मोठा संग्राहक छोट्या दुकानदारांनी घडवलेल्या बंदुकांचं दालन उभारतोय. नानांचं नाव तिथे काचेमागे लागेल. पण त्याला जोडी हवी, आणि अस्सल हवी. “तुझ्या काकूला हे कळलं ना, की तिनंच घासून घालवलं, तर ती अंथरूण धरेल,” ते म्हणाले, आणि नानांच्या जुन्या खुर्चीत बसून त्यांनी तिच्यापुढे हात जोडले. छिन्नी विरघळली. खरं सांगायचं तर नुसती दयेनं विरघळली नाही. नानांचे पक्षी आपल्याला जमतात का, हे तिला लहानपणापासून बघायचं होतं.

नानांची एक पद्धत होती. काम संपलं की रेघांत शाई भरायची, वरून पुसायची, आणि पातळ कागद दाबून ठसा काढून ठेवायचा. एक नंबरचा ठसा खणात होता. दोन नंबरचा कधी सापडलाच नाही. त्या ठशावरून छिन्नीनं अकरा दिवस काम केलं. नाना कोरत ते मऊ पोलादावर. तिला मिळालं होतं भाजून कडक झालेलं, त्यामुळे दिवसाला हत्याराची दोन टोकं मोडत होती. शेवटी काजळी आणि तेल भरून तिनं रेघा जुन्या केल्या. काका बघून रडले. तेव्हा तिला फार बरं वाटलं होतं.

दहाला पारखी आला. बुटका, हसतमुख, स्वतःच्या आवाजावर खूश असलेला माणूस. मोठे संग्राहक याच्या शब्दावर बंदुका घेत, आणि छिन्नीला येणारी निम्मी कामं याच्याच शिफारशीनं येत. त्यानं टेबलावर पांढरं कापड अंथरलं, परवान्याचे कागद पाहिले, भिंग काढलं आणि हात लावायच्या आधी एक छोटं व्याख्यान दिलं.

नुसती जुनी म्हणून बंदुकीला कोणी विचारत नाही, तो म्हणाला, जुनं तर भंगारही असतं. दुर्मीळ हवी. करणाऱ्याचा हात तिच्यात ओळखू यावा. ज्या घरातून आली त्या घराचा कागद हवा, कारण कागद नसलेली गोष्ट म्हणजे नुसती थाप. जोडी असेल तर दोन अधिक दोन चार नसतात, बारा होतात. “आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे, तिला कुणी सुधारलेलं नसावं. गंज चालतो, ओरखडा चालतो. दस्त्याला तडा असला तर तोही आम्ही कौतुकानं दाखवतो. पण कुणी जुन्या रेघेवर नवी रेघ ओढली, की आमच्या लेखी ती बंदूक मेली. आणि तसं लपवून करणाऱ्याचं नावही.”

वकिलानं मान डोलावली. काकांनी छिन्नीकडे न बघण्याचा एवढा प्रयत्न केला, की कुणाच्याही लक्षात आलं असतं. बाबा खाली बघत होते.

एक नंबर पेटीतून निघाली. पारख्यानं दस्त्यावरची पकडीची जाळी बोटांनी चाचपली, नळ्या उजेडाकडे धरल्या, चाप ओढून पाहिला. मग पाटीवर भिंग टेकवलं. छिन्नी त्याच्या मानेवरच्या घामाकडे बघत उभी होती.

“धातू वरून बराच झिजलाय,” तो अखेर म्हणाला. “पण रेघ बघा किती ठसठशीत. म्हणजे म्हाताऱ्यानं कोरली केवढी खोल!”

काकांनी लगेच खिशातून ठशाचा कागद काढला. हा कागद ते आणणार आहेत हे छिन्नीला ठाऊक नव्हतं. काम झाल्यावर त्यांनी आठवण म्हणून मागितला आणि तिनं दिला होता. पारख्यानं कागद पाटीशेजारी ठेवला. पीस न् पीस जुळत होतं. तो तोंडभर हसला, काकूकडे वळून म्हणाला, वहिनी, तुम्ही हिला जिवापाड जपलंत. काकू लाजली. निभावलं, छिन्नीला वाटलं.

मग बाबांनी उठून दोन नंबर कापडावर ठेवली. दस्ता काळपट, नळ्यांवर गंजाचे दोन डाग, पाट्यांवर मात्र भाजल्याच्या वेळचे निळे-तपकिरी रंग अजून शाबूत. पारखी रंग बघून खूश झाला. भिंग लावल्यावर त्याचं हसू हळूहळू मावळलं. त्यानं एक नंबर पाहिली, पुन्हा दोन नंबर पाहिली, ठसा पाहिला.

“हा तो हात नाही,” तो म्हणाला.

त्यानं समजावून सांगितलं. पक्षी तेच आहेत, मांडणी तीच आहे, पण रेघ अडखळते. वळणावर हात थांबलाय. इथे तर हत्यार घसरलंय आणि ती चूक गवताचं पातं करून झाकली आहे. नानांचा हात कसा होता ते एक नंबर आणि ठसा दाखवतायत. मग दोन नंबरवर मागाहून दुसऱ्या कुणाचं तरी हत्यार फिरलं असणार, नवशिक्याचं. “ही बंदूक एकोणीस वर्षं कुणाकडे होती?”

“माझ्याकडे,” बाबा म्हणाले. “माझ्या घरात हिला कुणी हत्यार लावलेलं नाही.”

वकील तेवढ्याचीच वाट बघत होता. अगदी मऊ आवाजात त्यानं बाबांना विचारलं की काका, घरचं दुकान, दुकानात सगळी हत्यारं, आणि बंदूक तेवढी आपोआप बदलली का? तुम्ही काही कराल असं नाही म्हणत मी, पण मग नानांनीच एक चांगली आणि एक वाईट केली, असं म्हणायचं का? ज्या माणसाचा शब्द हा दुकानाच्या पाटीहून जुना होता, ज्यानं गिऱ्हाइकाला कधी ‘उद्या देतो’ म्हणून परवा दिलं नाही, ते बाबा तोंडात मूग गिळून उभे होते. त्यांचे कान लाल झाले होते.

“धाकट्या, अरे बोल ना काहीतरी,” काका म्हणाले. “खरं काय ते सांगून टाक. कोणी रागावणार नाही.”

हे काकांनी म्हणावं! छिन्नीनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर चुकवली आणि पाणी मागितलं.

छिन्नीनं दोन नंबर इतक्या जवळून आजवर पाहिली नव्हती. ती टेबलाशी वाकली. पारख्याचं भिंग तिथेच पडलं होतं, तिनं ते लावलं. आणि तिला दिसलं. निळा-तपकिरी रंग रेघेच्या काठाशी थांबत नव्हता, तो रेघेत उतरून पार तळाशी गेला होता. नाना आधी कोरत आणि मग पाटी हाडांच्या कोळशात भाजून पाण्यात बुडवत. तो रंग चढतो तेव्हाच. म्हणजे या अडखळत्या रेघा भट्टीच्या आधीच्या होत्या. बंदूक घडली त्याच दिवसांतल्या. बाबा खरं बोलत होते, आणि ते सिद्ध करायला एक वाक्य पुरेसं होतं.

पण तेच वाक्य ऐकून पारखी भिंग एक नंबरवर नेणार. तिथे काकूनं वरचा रंग कितीही घासला असला तरी रेघांच्या तळाशी थोडा उरायलाच हवा. तो नव्हता. तिथे काजळी होती. छिन्नीनं महिन्यापूर्वी भरलेली.

बोलावं तर काका तोंडघशी, काकूला कळणार, भाऊ पुन्हा तुटणार, आणि या माणसाच्या तोंडून तिचं नाव चार जाणकारांत निघेल ते वेगळ्याच कारणानं. न बोलावं तर बाबा खोटे. दोन नंबर जोडीतून बाद होईल, फार तर. बाबा कुठे संग्राहकांच्या व्यवहारात आहेत, त्यांना काय फरक पडतो, असं एक मन म्हणालंसुद्धा. त्या मनाची तिला पुढे कित्येक वर्षं लाज वाटली. काकू आत नळावर गेली. पाणी आणलं. काका प्यायले आणि पेला टेबलाच्या कडेला ठेवला.

“रंग बघा,” छिन्नी म्हणाली. “रेघेच्या आत.”

पारख्यानं भिंग घेतलं. खूप वेळ पाहिलं. मग न सांगताच एक नंबर ओढून घेतली, खिशातून दात कोरायची काडी काढून तिच्या टोकानं पंखाची रेघ खरवडली. काडीचं टोक काळं झालं. खालून कोरं चकचकीत पोलाद दिसलं.

“कुणी केलं?” त्यानं विचारलं.

“मी. गेल्या महिन्यात. ठशावरून.”

वकील उभा राहिला. आईशप्पथ हे आम्हाला माहीतच नव्हतं, अशी त्यानं सुरुवात केली आणि वडिलांकडे पाहिलं. काका हो म्हणाले. म्हणजे, आपल्यालाही माहीत नव्हतं, असं म्हणाले. दुरुस्तीला म्हणून बंदूक दिली होती, हिनं हौसेनं काय केलं कोण जाणे, असंही ते पुटपुटले. आणि बोलता बोलता त्यांचं लक्ष काकूकडे गेलं तसे थांबले.

“दुरुस्ती कसली हो?” काकूनं विचारलं. “बंदुकीला झालं काय होतं?”

ती टेबलापाशी आली. घासून गुळगुळीत झालेल्या पोलादावरून तिनं अंगठा फिरवला, तसाच, जसा दर रविवारी फिरवत असेल. तिला समजलं. ती अंथरूणबिंथरूण काही धरणारी नव्हती, हे एवढ्या वर्षांच्या संसारात काकांना कळलं नव्हतं.

“घासली मी,” ती पारख्याला म्हणाली. “पक्षी गेले ते माझ्या हातानं गेले. आणि यांनी पोरीला गळ घातली असणार. पोरीचं एकटीचं नाव लिहू नका.”

काका खुर्चीत बसले. पारख्यानं कपाळ पुसलं. त्याची स्वतःची नजर फसली होती, ते त्याला जास्त लागलं होतं. पण धंद्याला पक्का माणूस, त्यानं कागद पुढे ओढला. एक नंबरचं समजलं, तो म्हणाला. पण दोन नंबर भट्टीच्या आधी कोरली आहे, तर तो हात कुणाचा? नानांचा तर नव्हे.

बाबांनी दोन नंबरच्या पाटीवर बोट ठेवलं.

“माझा,” ते म्हणाले. “सतरा वर्षांचा होतो. एक नंबर झाली आणि नानांच्या डोळ्यांसमोर धुकं यायला लागलं. कोरणाऱ्याचे डोळे गेले हे बाहेर कळलं तर दुकानात कोण येणार? मला म्हणाले, तू कोर. रोज मागे उभे राहायचे. दिसत नव्हतं, आवाजावरून सांगायचे, हात थांबला तुझा, हात थांबला. झाल्यावर ठसा काढू दिला नाही. म्हणाले, ही गोष्ट इथेच संपली. पुढे मोतीबिंदू काढल्यावर त्यांना पुन्हा दिसायला लागलं. मी मात्र ते हत्यार पुन्हा धरलं नाही.”

एवढं सलग बोलताना त्यांना या घरात कुणी ऐकलं नव्हतं. काका तोंड उघडं टाकून बघत होते. दोन नंबर हवी म्हणजे हवी, या हट्टावर त्यांनी एकोणीस वर्षं भावाला लोभी ठरवलं होतं.

पारख्यानं दोन्ही बंदुकांचे दोन कागद लिहिले. एकावर, मूळ कोरीव काम झिजलेलं, अलीकडे पुन्हा कोरलेलं, नातीनं. दुसऱ्यावर, मूळ, अस्पर्श, कोरीव काम धाकट्या मुलाचं. जोडी म्हणून आता कुणी घेणार नाही, तो म्हणाला. दोन नंबर एकटी काचेमागे जाऊ शकेल, हवी असेल तर. बाबांनी नको म्हटलं. जाताना दारात त्यानं छिन्नीला थोडक्यात सांगितलं की तुझा हात नानांच्या तोडीचा आहे, आणि म्हणूनच यापुढे मी तुझ्याकडे कुणाला पाठवू शकणार नाही. ती हो म्हणाली.

काका निघताना भावापुढे थांबले. “येतो रे” म्हणाले. एकोणीस वर्षांपूर्वी ते न सांगताच गेले होते. काकू मात्र एक नंबर टेबलावरच ठेवून गेली. म्हणाली, दोन्ही इथेच राहू द्यात, मला आता ती बघवायची नाही. वकिलानं रिकामी पेटी उचलली.

दुकानात दोघंच उरली. छिन्नी कापडाची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती. बाबा रागावतील, निदान काही विचारतील, म्हणून ती थांबली होती. बाबांनी एक नंबर उचलली आणि खिडकीशी नेली.

“नाना पंखाच्या शेवटच्या पिसाची रेघ उजवीकडून उचलायचे,” ते म्हणाले. “तू डावखुरी आहेस. पेटीतून निघाली तेव्हाच मला कळलं.”

तिच्या हातातलं कापड तसंच राहिलं. “तुम्हाला सगळ्यांसमोर खोटं ठरवत होते, बाबा. मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

बाबांनी बंदूक हलकेच दोन नंबरच्या शेजारी ठेवली.

“तू सांगशील असं वाटत होतं,” ते म्हणाले. “दादानं पाणी मागितलं तेव्हा वाटलं, आता सांगशील. वहिनी नळावर गेल्या, तेव्हा वाटलं. त्याचं पिऊन होईस्तोवर वाटत होतं. मग वाटायचं थांबलं.”